जुनी मोठी ब्रोकरेज की नवी? कॅलिफोर्नियात एजंट होताना केलेली निवड

घरांच्या खरेदी-विक्रीचा परवाना मिळवण्यासाठी जानेवारी २०२४ मध्ये मी अभ्यासाला सुरुवात केली आणि जानेवारी २०२५ मध्ये एका ब्रोकरेजमध्ये, म्हणजे घरांचे व्यवहार करणाऱ्या कंपनीत, रुजू झाले. परीक्षेची जेवढी धास्ती घेतली होती तेवढी ती अवघड निघाली नाही. अवघड गेले ते त्यानंतरचे आठवडे, कारण त्या काळात कोणत्या ब्रोकरच्या हाताखाली काम करायचे हे ठरवायचे होते. परीक्षेविषयी हवी तेवढी माहिती मिळते; या निवडीविषयी मात्र जे ऐकायला मिळते ते बहुतेक वेळा भरती करणाऱ्याच्या तोंडून, आणि त्यांपैकी अनेकांना नवा एजंट आणल्याबद्दल मोबदला मिळत असतो. एच-४ (एच-१बी व्हिसाधारकाच्या जोडीदाराचा व्हिसा) वरचे ई.ए.डी., म्हणजे काम करण्याचे परवानापत्र, हाती आल्यावर हा व्यवसाय करून पाहावा असे वाटणाऱ्या मराठी स्त्रिया मला बे एरियात अधूनमधून भेटतात आणि त्यांचे प्रश्न माझ्या तेव्हाच्या प्रश्नांसारखेच असतात. म्हणून जे जसे घडले त्याच क्रमाने लिहीत आहे.

ही निवड इतकी महत्त्वाची का, हे आधी सांगायला हवे. कॅलिफोर्नियात ‘सेल्सपर्सन’चा परवाना असलेल्या व्यक्तीला स्वतंत्रपणे धंदा करता येत नाही. तिने ब्रोकरचा परवाना असलेल्या व्यक्तीच्या किंवा कंपनीच्या नावाखालीच काम करायचे असते आणि कमिशनही ग्राहकाकडून थेट घ्यायचे नसते. ते आधी ब्रोकरकडे जमा होते आणि ब्रोकर त्यातला ठरलेला वाटा देतो. याच्या बदल्यात ब्रोकरवर देखरेखीची कायदेशीर जबाबदारी असते. राज्याच्या रिअल इस्टेट विभागाच्या २७२५ क्रमांकाच्या नियमात ती स्पष्ट लिहिली आहे : एजंटचे व्यवहार, त्यातले कागद, ग्राहकांचे पैसे आणि जाहिराती या सगळ्यांवर ब्रोकरने वाजवी देखरेख ठेवली पाहिजे. दुसरीकडे एजंट मात्र बहुतेक ठिकाणी नोकर नसते. पगार नाही, आरोग्यविमा नाही, रजा नाही. अशा परिस्थितीत आपण ज्या कंपनीला कमिशनचा मोठा वाटा देतो ती आपल्याला नेमके काय देते, हा प्रश्न प्रत्येकीने स्वतःला विचारायलाच हवा.

परवान्यासाठी १३५ तासांचे शिक्षण लागते. प्रत्येकी ४५ तासांचे तीन अभ्यासक्रम असतात : रिअल इस्टेटची तत्त्वे, प्रत्यक्ष व्यवहार आणि ठरावीक यादीतला आपल्या आवडीचा एक. मी तिसरा विषय म्हणून कायदेशीर बाजू निवडली आणि पुढे करार वाचताना तिचा मला रोज उपयोग झाला. ऑनलाइन शिकले तरी एक अभ्यासक्रम १८ दिवसांच्या आत पुरा करता येत नाही, त्यामुळे कितीही घाई केली तरी जवळपास आठ आठवडे जातातच. २०२४ पासून व्यवहाराच्या अभ्यासक्रमात घरांबाबतच्या भेदभावविरोधी कायद्यावर संवादरूपाने सराव करायचा भागही आला आहे. तो भाग मी मन लावून केला, कारण ‘इथे आपली माणसे राहतात का’ हा प्रश्न आपल्याच ओळखीचे लोक किती सहज विचारतात आणि एजंटने त्याचे उत्तर देणे का धोक्याचे आहे, हे मला तिथे कळले. तिन्ही अभ्यासक्रमांचे मिळून मला सुमारे ३०० डॉलर पडले. मुलांची शाळा सांभाळून अभ्यास जूनच्या मध्याला संपला.

त्यानंतर अर्ज. १ जुलै २०२४ पासून शुल्क वाढले : परीक्षेचे १०० डॉलर आणि परवान्याचे ३५० डॉलर. दोन्ही एकाच वेळी भरता येतील असा एक एकत्रित अर्ज आहे, त्याचा क्रमांक आर.ई. ४३५. मी तोच भरला, कारण परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर पुन्हा वेगळ्या अर्जाची वाट पाहावी लागत नाही. बोटांचे ठसे ‘लाइव्ह स्कॅन’ केंद्रावर द्यावे लागतात, त्यासाठी आर.ई. २३७ हा फॉर्म न्यायचा असतो. राज्य आणि केंद्र यांच्या तपासणीचे मिळून ४९ डॉलर लागतात, शिवाय ठसे घेणाऱ्या केंद्राचे शुल्क वेगळे. आपल्या मंडळींसाठी एक विशेष सूचना : अर्जावरचे नाव आणि परीक्षेच्या दिवशी दाखवायच्या ओळखपत्रावरचे नाव तंतोतंत जुळले पाहिजे. आपल्याकडे पासपोर्टवर मधले नाव म्हणून कधी वडिलांचे असते, कधी नवऱ्याचे, आणि ड्रायव्हिंग लायसन्सवर त्याचे एखादे अक्षरच उरलेले असते. अर्ज भरण्यापूर्वीच ही कागदपत्रे शेजारी ठेवून तपासावीत. विभाग सोशल सिक्युरिटी क्रमांक किंवा आय.टी.आय.एन. (तो नसलेल्यांना मिळणारा करदाता क्रमांक) मागतो, पण परवाना मिळणे आणि अमेरिकेत काम करण्याची परवानगी असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे एच-४ वरच्या प्रत्येकीने लक्षात ठेवावे आणि ई.ए.डी.ची मुदत कधी संपते ते पाहूनच पुढची पावले टाकावीत.

अर्ज मंजूर होऊन परीक्षेची तारीख मिळेपर्यंत ऑक्टोबर उजाडला. तीन तासांत १५० बहुपर्यायी प्रश्न आणि उत्तीर्ण होण्यासाठी ७० टक्के गुण. सराव-प्रश्नपत्रिका सतत सोडवणे हाच मला उपयोगी पडलेला मार्ग आहे. निकाल त्याच ठिकाणी कळला आणि नोव्हेंबरमध्ये परवाना क्रमांक आला. त्या क्षणी आनंद झाला, पण विभागाच्या संकेतस्थळावर माझ्या नावापुढे कोणत्याही ब्रोकरचे नाव नव्हते, म्हणजे परवाना असूनही मला काहीही काम करता येत नव्हते. या टप्प्यावर व्हिजिटिंग कार्ड छापण्याचा मोह टाळावा. कार्डावर स्वतःच्या परवाना क्रमांकाबरोबर जबाबदार ब्रोकरचे नावही यावे लागते, त्यामुळे आधी छापलेली कार्डे वाया जातात.

परवानाधारकांची नावे सार्वजनिक असल्यामुळे थोड्याच दिवसांत ईमेल आणि फोन सुरू झाले. आम्ही १०० टक्के कमिशन देतो, आम्ही शेअर देतो, आम्ही मोफत प्रशिक्षण देतो, असे प्रत्येकाचे काहीतरी होते. प्रत्यक्ष भेटींना जाण्यापूर्वी मी एक आठवडा फक्त या क्षेत्राची रचना समजून घेण्यात घालवला आणि तो वेळ फार मोलाचा ठरला.

जुन्या घराण्यांमध्ये १९०६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत सुरू झालेली कोल्डवेल बँकर आहे. सेंच्युरी २१ ही १९७१ ची, रीमॅक्स १९७३ ची आणि केलर विल्यम्स १९८३ ची. यांची नावे रस्त्यावरच्या पाट्यांमुळे सगळ्यांना माहीत असतात, पण पाटीवरचे नाव आणि आपला ब्रोकर यांत बहुतेकदा अंतर असते. अनेक कचेऱ्या फ्रँचायझी असतात. नाव मोठ्या कंपनीचे, मालक मात्र स्थानिक, आणि प्रत्येक व्यवहारातून नावाच्या वापरापोटी काही टक्के वर जातात. एकाच शहरात एकाच नावाच्या दोन कचेऱ्यांमध्ये शिकवण्याची पद्धत पूर्णपणे निराळी असू शकते. नव्या कंपन्या तर एकमेकींसारख्याही नाहीत. २००४ मध्ये सुरू झालेल्या रेडफिनने एजंटांना पगारी नोकर म्हणून ठेवून विक्रेत्याचे कमिशन कमी केले. २००९ च्या ई.एक्स.पी.ने कचेऱ्याच काढून टाकल्या आणि सगळे कामकाज ऑनलाइन नेले. २०१२ मध्ये निघालेल्या कंपासने कचेऱ्या ठेवल्या, पण भर दिला तो स्वतःच्या सॉफ्टवेअरवर. यांखेरीज प्रत्येक गावात अशा छोट्या ब्रोकरेज असतात ज्या एका व्यवहारामागे ठरावीक रक्कम घेतात आणि बाकी सगळे कमिशन एजंटला देतात. त्यामुळे ‘पारंपरिक विरुद्ध पर्यायी’ अशी दोन खाती मांडून निर्णय होत नाही. कंपनीला पैसा कोठून मिळतो आणि त्यातला किती नव्या एजंटच्या शिक्षणावर खर्च होतो, असे विचारले की चित्र स्पष्ट होऊ लागते.

त्याच सुमारास या धंद्याचे नियमही बदलत होते. नॅशनल असोसिएशन ऑफ रिअल्टर्स या एजंटांच्या राष्ट्रीय संघटनेने कमिशनविषयीच्या खटल्यांत मार्च २०२४ मध्ये ४१.८ कोटी डॉलरची तडजोड मान्य केली आणि १७ ऑगस्ट २०२४ पासून दोन बदल लागू झाले : खरेदीदाराच्या एजंटला विक्रेता किती देणार हे एम.एल.एस.वर (विक्रीच्या घरांच्या, एजंटांनी वापरायच्या सामायिक यादीवर) लिहिणे बंद झाले आणि घर दाखवायला नेण्यापूर्वी खरेदीदाराशी लेखी करार करणे बंधनकारक झाले. कॅलिफोर्नियाने १ जानेवारी २०२५ पासून स्वतःचा कायदाही आणला आणि त्यानुसार व्यक्तिगत खरेदीदाराशी असा करार एका वेळी तीन महिन्यांहून अधिक मुदतीचा करता येत नाही. माझ्यासाठी याचा अर्थ असा होता की पहिल्याच भेटीत, घराची पायरी चढण्यापूर्वी, मला माझ्या मोबदल्याविषयी ग्राहकाशी स्पष्ट बोलावे लागणार होते. वर्षानुवर्षे काम केलेल्यांनाही तेव्हा हे संभाषण नवीन होते. ते मला कोण शिकवणार, हा प्रश्न मी प्रत्येक मुलाखतीत विचारायचा असे ठरवले.

नोव्हेंबरचा उत्तरार्ध आणि डिसेंबर मुलाखतींमध्ये गेला. कंपन्यांची नावे मी देत नाही, कारण माझा अनुभव त्या-त्या कचेरीपुरता आहे आणि त्याच नावाच्या दुसऱ्या कचेरीत तो वेगळा असू शकेल.

पहिली भेट एका जुन्या मोठ्या फ्रँचायझीच्या कचेरीत झाली. नव्या एजंटसाठी ६०-४० चा वाटा, म्हणजे ६० टक्के माझे, आणि त्याआधी एकूण कमिशनमधून ६ टक्के फ्रँचायझीचे. हे ऐकून माझे मन थोडे खट्टू झाले. पण व्यवस्थापक बाईंनी मला आतल्या खोलीत नेले. तिथे गेल्या वर्षी आलेली एक एजंट एका ऑफरचे कागद घेऊन बसली होती आणि दुसरी अनुभवी एजंट तिच्या शेजारी बसून कलम न् कलम वाचत होती. या व्यवस्थापक बाई स्वतः ग्राहक घेत नाहीत, हे मला नंतर कळले, आणि माझ्या मते तीच त्या कचेरीची सर्वांत मोठी जमेची बाजू आहे. जो ब्रोकर स्वतःच एजंट म्हणून धावत असतो त्याला दुसऱ्याचे कागद वाचायला वेळ उरत नाही, आणि कधीकधी तर तो आपलाच स्पर्धक असतो.

दुसरी कंपनी पूर्णपणे ऑनलाइन होती. वाटा ८०-२०, वर्षाला १६,००० डॉलरची कमाल मर्यादा, म्हणजे कंपनीच्या पदरी तेवढे पडले की पुढचे व्यवहार जवळजवळ पूर्णपणे आपले. प्रवेशाला १४९ डॉलर आणि दरमहा ८५ डॉलर. ऑनलाइन वर्गांची संख्या आणि दर्जा खरोखर चांगला होता. मी दोन वर्गांना पाहुणी म्हणून बसले आणि काही चांगल्या गोष्टी शिकले. पण बोलता बोलता कळले की नव्या एजंटला पहिल्या तीन व्यवहारांत मार्गदर्शकासाठी आणखी २० टक्के द्यावे लागतात, म्हणजे तिथेही सुरुवात ६०-४० नेच होते. शिवाय ज्याच्या नावाने आपण कंपनीत येतो त्याला आपल्या उत्पन्नाशी निगडित वाटा कंपनी देते आणि ते नाव नंतर बदलता येत नाही. म्हणून अशा कंपनीत जायचे ठरलेच, तर पहिल्यांदा फोन करणाऱ्याचे नाव फॉर्मवर लिहू नये. जो आपल्याच भागात काम करतो आणि फोन उचलतो अशा माणसाचे नाव शोधूनच ते लिहावे.

तिसरी छोटी, ठरावीक शुल्काची ब्रोकरेज. एका व्यवहारामागे ५०० डॉलर आणि विम्याचे वेगळे. ब्रोकर सरळ माणूस होते. त्यांनी मला चहा दिला आणि स्पष्टपणे म्हणाले, “तुम्ही आत्ता माझ्याकडे येऊ नका. दहा-बारा व्यवहार करा, मग या.” त्यांच्याकडे कागद तपासण्याची व्यवस्था होती, पण ती व्यवहार झाल्यानंतरची. ऑफर लिहिताना शेजारी बसणारे कोणी नव्हते. त्यांच्या प्रामाणिकपणाबद्दल मला त्यांच्याविषयी आदर आहे.

त्यानंतर मी घरी वहीत आकडेमोड केली. १२ लाख डॉलरचे घर, खरेदीदाराच्या बाजूचे कमिशन अडीच टक्के, म्हणजे ३०,००० डॉलर. फ्रँचायझीत आधी ६ टक्क्यांचे १,८०० गेले, उरलेल्या २८,२०० चे ६० टक्के म्हणजे १६,९२०. ऑनलाइन कंपनीत मार्गदर्शकाचा वाटा धरून १८,०००. त्यातून वर्षाचे १,०२० आणि प्रवेशाचे १४९ वजा केले तर १६,८३१. म्हणजे वर्षात एकच व्यवहार झाला, तर जाहिरातीत ६० आणि ८० दिसणाऱ्या दोन कंपन्यांमध्ये माझ्या हाती येणाऱ्या रकमेत शंभर डॉलरचाही फरक नव्हता. एकही व्यवहार झाला नाही, तर ऑनलाइन कंपनीत १,१६९ डॉलर खिशातून जाणार होते आणि त्या फ्रँचायझीत मासिक शुल्क नव्हते. ६० आणि ८० मधला खरा फरक मार्गदर्शकाचे तीन व्यवहार संपल्यावर उघड होतो. चौथ्या व्यवहारापासून ऑनलाइन कंपनीत, वर्षाची कमाल मर्यादा गाठलेली नसली तरी, २४,००० आणि फ्रँचायझीत तेच १६,९२०, म्हणजे प्रत्येक घरामागे निदान ७,०८० डॉलरचे अंतर. वर्षाला दहा घरे विकणाऱ्या एजंटला नव्या पद्धतीच्या कंपनीचे आकर्षण का वाटते, याचे उत्तर या एका ओळीत आहे आणि ते अगदी रास्त आहे. पण मी त्या जागी नव्हते. माझ्यापुढचा प्रश्न पहिल्या तीन व्यवहारांचा होता.

म्हणून प्रत्येक ठिकाणी मी एकच प्रश्न पुन्हा विचारला : “रविवारी संध्याकाळी सहा वाजता माझ्या ग्राहकाला ऑफर द्यायची आहे, मुदत सोमवारी सकाळी दहाची आहे आणि मला एक कलम समजत नाही. मी कोणाला फोन करू?” या प्रश्नाला मिळालेली उत्तरे वाट्याच्या टक्केवारीपेक्षा कितीतरी बोलकी होती. कोणी सपोर्टचा क्रमांक सांगितला, कोणी ईमेलला चोवीस तासांत उत्तर येते असे सांगितले, एका ठिकाणी ‘तुमची टीम लीडर’ असे उत्तर मिळाले आणि टीम म्हणजे कमिशनमध्ये आणखी एक वाटेकरी हे दुसऱ्या प्रश्नानंतर कळले. फ्रँचायझीच्या व्यवस्थापक बाईंनी स्वतःचा मोबाइल क्रमांक दिला. मी एवढ्यावर थांबले नाही. त्या कचेरीत वर्षभरापूर्वी आलेल्या दोघींशी बोलू द्यावे अशी विनंती केली. दोघींनी सांगितले की बाई रविवारी फोन उचलतात. ही विनंती करण्यात संकोच बाळगू नये. जी कंपनी आपल्या नव्या एजंटांशी बोलू देत नाही, तिच्याविषयी तेवढ्यानेच पुरेसे कळते.

सही करण्यापूर्वी स्वतंत्र कंत्राटदाराचा करार घरी नेऊन वाचण्यासाठी मागितला. त्यात मी विशेषतः सोडून जाण्याची कलमे पाहिली. आपण आणलेल्या घराची लिस्टिंग, म्हणजे ते विकण्याचा करार, कायद्याने ब्रोकरची असते. आपण कंपनी सोडली तर ती आपल्याबरोबर येईलच असे नाही. सोडताना जे व्यवहार एस्क्रोमध्ये (करार होऊन पैसे त्रयस्थाकडे जमा, पण घर अजून हस्तांतरित न झालेले) असतील त्यांवर आपला वाटा ठरलेलाच राहतो की कमी होतो? व्यावसायिक चुकांच्या विम्यात वजावटीची रक्कम कोणी भरायची? व्यवहार-शुल्क ग्राहकाकडून घ्यायचे की आपल्या वाट्यातून? वाटा वाढवण्याचा आढावा केव्हा होतो आणि कोणत्या आकड्यावर? पहिल्या मसुद्यात शेवटच्या प्रश्नाचे उत्तर नव्हते. मी विचारल्यावर ‘पहिल्या वर्षाअखेर आढावा’ अशी ओळ त्यांनी लेखी घातली. मागितल्याशिवाय ती मिळाली नसती.

१० जानेवारी २०२५ रोजी मी त्या फ्रँचायझीत सही केली. माझा परवाना ब्रोकरशी जोडण्याचे काम विभागाच्या ऑनलाइन प्रणालीत झाले आणि त्यानंतर खर्चाची दुसरी लाट आली, जिच्याबद्दल कोणी आधी सांगत नाही. कचेरी रिअल्टर्सच्या त्याच असोसिएशनची सदस्य असल्यामुळे राष्ट्रीय, राज्य आणि स्थानिक अशा तिन्ही पातळ्यांची वर्गणी भरावी लागली. राष्ट्रीय पातळीची वर्गणी २०२५ साठी १५६ डॉलर आणि त्यावर ४५ डॉलरची विशेष आकारणी होती. एम.एल.एस.चे शुल्क, दाखवायच्या घराची किल्ली ठेवलेली कुलूपपेटी उघडण्याचे अ‍ॅप आणि विम्याचा हप्ता धरून पहिल्या काही महिन्यांत सुमारे १,८०० डॉलर गेले. परवान्यापर्यंतचा खर्च यात धरलेला नाही. घरखर्चाचे निदान सहा महिन्यांचे पैसे बाजूला असल्याशिवाय हा व्यवसाय सुरू करू नये असे मी मनापासून सांगेन, कारण पहिले उत्पन्न कधी येईल हे कोणत्याही कंपनीला सांगता येत नाही.

मला ते जूनमध्ये आले. फेब्रुवारीपासून मी दुसऱ्या एजंटांच्या लिस्टिंगवर ओपन हाउस (इच्छुकांना पाहण्यासाठी घर खुले ठेवण्याची वेळ) सांभाळत होते. मोठ्या कचेरीचा हाही एक फायदा आहे, कारण ज्यांच्याकडे घरे आहेत अशा अनुभवी एजंटांना शनिवार-रविवारी माणसे हवीच असतात. मार्चमध्ये एका जोडप्याशी तीन महिन्यांचा लेखी करार झाला. मोबदल्याचे संभाषण कसे करायचे ते व्यवस्थापक बाईंनी माझ्याकडून आधी दोनदा म्हणवून घेतले होते, त्यामुळे प्रत्यक्षात आवाज थरथरला नाही. मे महिन्यात त्यांना एक काँडो, म्हणजे सोसायटीतला फ्लॅट, आवडला. सोसायटीच्या कागदांचा गठ्ठा दोनशे पानांचा होता. मी तो वाचून बाईंकडे नेला, त्यांनी अनुक्रमणिका पाहिली आणि विचारले, “बाल्कन्यांच्या तपासणीचा अहवाल कुठे आहे?” कॅलिफोर्नियात काँडोंच्या सोसायट्यांना लाकडी आधारावरच्या बाल्कन्या आणि जिने तज्ज्ञाकडून तपासून घ्यावे लागतात आणि पहिल्या तपासणीची मुदत १ जानेवारी २०२५ ला संपली होती. अहवाल गठ्ठ्यात नव्हता. आम्ही तो मागितला. दुरुस्ती सुचवलेली होती आणि तिच्यासाठी प्रत्येक घरावर जादा आकारणी होण्याची शक्यता होती. ग्राहकांनी ते समजून घेतले, ऑफर कमी केली आणि तपासणीची अट करारात कायम ठेवली. घर त्यांनाच मिळाले. माझ्या १३५ तासांच्या अभ्यासात हा कायदा मला भेटला नव्हता, आणि तो कोणी दाखवून दिला नसता तर त्या जोडप्याच्या बचतीवर घाला पडला असता. कमिशनच्या ४० टक्क्यांचे मला काय मिळाले असे कोणी विचारले तर मी हा प्रसंग सांगते.

याचा अर्थ जुनी मोठी कंपनी सगळ्यांसाठी योग्य आहे असा नाही. कर्ज किंवा एस्क्रोच्या क्षेत्रात आधी काम केलेल्या, करार वाचण्याची सवय असलेल्या आणि ओळखीतून ग्राहक येतील याची खात्री असलेल्या स्त्रीने नव्या पद्धतीच्या कंपनीत जाणे मला अधिक शहाणपणाचे वाटते. घरून काम करायचे, गाडीने रोज कचेरीत जाणे शक्य नाही, अशी स्थिती असेल तरीही तोच मार्ग बरा. फक्त अशा वेळी स्थानिक मार्गदर्शक स्वतः शोधून, त्याचा वाटा लेखी ठरवून मगच सही करावी. आणि कंपनीच्या नावावर फार विसंबू नये. सप्टेंबर २०२५ मध्ये कंपासने कोल्डवेल बँकर, सेंच्युरी २१ आणि सदबीज इंटरनॅशनल रिअल्टी या नावांनी व्यवसाय चालवणारी एनीव्हेअर ही कंपनी विकत घेण्याची घोषणा केली, आणि त्याच वर्षी जुलैमध्ये रेडफिन रॉकेट या गृहकर्ज देणाऱ्या कंपनीकडे गेली. ज्या दोन पद्धतींमधून मी निवड करत होते त्या वर्षभरात एकमेकींत मिसळू लागल्या आहेत. कचेरीत शेजारी बसणारी माणसे कोण आहेत, एवढेच आपल्याला सही करताना तपासता येते.

कराबद्दल दोन शब्द. कमिशनमधून कर कापला जात नाही; वर्ष संपल्यावर मिळालेली रक्कम दाखवणारा १०९९-एन.ई.सी. फॉर्म येतो. सामाजिक सुरक्षा आणि मेडिकेअर यांचे दोन्ही बाजूंचे मिळून १५.३ टक्के स्वयंरोजगार-कर म्हणून आपल्यालाच भरावे लागतात, आयकर वेगळा, आणि अंदाजे कर एप्रिल, जून, सप्टेंबर आणि पुढच्या जानेवारीत हप्त्यांनी भरायचा असतो. मी जूनच्या पहिल्या धनादेशातली एक तृतीयांश रक्कम त्याच दिवशी वेगळ्या खात्यात टाकली आणि हिशेबासाठी मैलांची नोंद पहिल्या दिवसापासून ठेवली. परवाना चार वर्षांचा असतो आणि नूतनीकरणासाठी ४५ तासांचे शिक्षण लागते, तेही शेवटच्या महिन्यावर ढकलू नये.

हे लिहिताना नोव्हेंबर २०२५ आहे आणि माझा तिसरा व्यवहार एस्क्रोमध्ये आहे. करारात लिहून घेतलेला आढावा जानेवारी २०२६ मध्ये होईल. तिथे मी ७०-३० मागणार आहे आणि सोबत वर्षभरात माझ्यामुळे कचेरीला मिळालेल्या रकमेचा हिशेब नेणार आहे. त्यांचे उत्तर आल्यावर ऑनलाइन कंपनीचे त्या वेळचे दर घेऊन वहीतली तीच आकडेमोड पुन्हा करीन, आणि या वेळी मार्गदर्शकाचे २० टक्के त्यात धरावे लागणार आहेत की नाही, हे आधी लेखी विचारून घेईन.